विषाने दाखवलेले कुलूप : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा एक विस्मृत इतिहास

कर्करोगाच्या संशोधनाचा इतिहास सांगताना कोणी पटकीपासून सुरुवात करत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील एका महत्त्वाच्या ग्राही रेणूची, म्हणजेच रिसेप्टरची, कथा मात्र अतिसाराच्या अभ्यासातूनच उलगडत जाते आणि तिचा एक धागा थेट कोलकात्यापर्यंत पोहोचतो.

१९५३ मध्ये कोलकात्यातील विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने तट्ट फुगला. १९५६ मध्ये त्यांनी हाच प्रयोग अतिसाराच्या रुग्णांतून मिळालेल्या ई. कोलाय जंतूंवर केला. १९५९ मध्ये त्यांनी दाखवले की, जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रवही आतड्याला फुगवतो. पाणी ओढणारा खरा कर्ता जंतूंनी स्रवलेले विष होते.

ई. कोलायच्या काही वाणांचे एक विष उष्णतेला दाद देत नाही. ते अवघ्या १८ किंवा १९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. १९७८ मध्ये स्पष्ट झाले की, हे विष आतड्याच्या पेशींत सायक्लिक जीएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवते. त्यामुळे क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत वाहू लागते. हे विष ज्या ग्राहीला चिकटते त्याचे जनुक १९९० मध्ये अमेरिकेत डेव्हिड गार्बर्स यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. त्या ग्राहीचे नाव ग्वानिलिल सायक्लेज-सी, थोडक्यात जीसी-सी.

येथे एक साधा प्रश्न उभा राहिला. शत्रूच्या किल्लीसाठी शरीर आपल्या दाराला कुलूप का बसवील? ते कुलूप मुळात स्वतःच्याच एखाद्या किल्लीसाठी असले पाहिजे. ग्राहीला नेमकेपणाने जुळणाऱ्या अशा किल्लीला लिगँड म्हणतात. १९९२ मध्ये उंदराच्या आतड्यातून ती किल्ली हाती लागली : १५ अमिनो आम्लांचे ग्वानिलिन. पुढच्याच वर्षी यूरोग्वानिलिन हे तिचे भावंड सापडले. ग्वानिलिन शोधताना मोजमापासाठी वापरलेल्या पेशी होत्या टी-८४. त्या मोठ्या आतड्याच्या, फुप्फुसात पसरलेल्या कर्करोगातून वाढवलेल्या होत्या. कर्कपेशींवर कुलूप शाबूत होते, म्हणूनच किल्ली ओळखता आली.

या योगायोगाचा अर्थ काही वर्षांत उलगडला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आढळले की, मोठ्या आतड्याच्या कर्कगाठींत ग्वानिलिनची निर्मिती फार घटलेली असते. जीसी-सी मात्र बहुधा टिकून असतो. कर्करोगातील ग्राहींचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर वाढीचा संदेश अतिरेकाने देणारे ग्राही येतात. येथे चित्र उलटे आहे. ‘आता थांबा’ हा संदेश ऐकणारा ग्राही जागेवर आहे, पण संदेश देणारा लिगँड नाहीसा झाला आहे.

हा संदेश पेशीला कसा थांबवतो, याचे एक उत्तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आले. संध्या विश्वेश्वरय्या यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की, जीसी-सी नसलेल्या उंदरांच्या आतड्यात पेशी-विभाजन वाढते. ई. कोलायचे ते विष दिल्यावर सामान्य उंदरांत रसायनाने घडवलेल्या कर्कपूर्व विकृती घटल्या, जीसी-सी नसलेल्या उंदरांत मात्र घटल्या नाहीत. मानवी कर्कपेशींत या संदेशामुळे विभाजन रोखणारे पी-२१ हे प्रथिन वाढले आणि पेशी वार्धक्यावस्थेत गेल्या.

येथे सावधपणा हवा. २००३ मध्ये फिलाडेल्फियातील संशोधकांनी निदर्शनास आणले की, ज्या देशांत या विषाचे जंतू जास्त, तेथे मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसतो. पण आहार, आयुर्मान आणि निदानाच्या सोयीही देशागणिक बदलतात. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. शिवाय हेच जंतू गरीब वस्त्यांतील बालकांचे प्राण घेतात. त्यांना संरक्षक म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. याच ग्राहीवर काम करणारे लिनाक्लोटाइड हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते बद्धकोष्ठतेसाठी. त्याने माणसांत कर्करोग टळतो, हे सिद्ध झालेले नाही.

शंभुनाथ डे १९८५ मध्ये निवर्तले. तेव्हा जीसी-सीचे जनुक सापडायला पाच वर्षे बाकी होती. बंगालमधील पटकीचे कोडे सोडवणे, एवढाच त्यांचा हेतू होता. ‘या संशोधनाचा उपयोग काय?’ असा प्रश्न आज आपल्या प्रयोगशाळांना वारंवार विचारला जातो. तो विचारताना कोलकात्यातील त्या सशाच्या फुगलेल्या आतड्याची आठवण ठेवावी. त्याचे पुरते उत्तर साठ वर्षांनंतरही मिळतेच आहे.