नवऱ्याला हरवणारी रोझ

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं छोटं गाव आहे. घोड्यावरच्या गुराख्यांचं, म्हणजे काऊबॉयचं गाव. बर्फावर घसरायला, टेटनचे डोंगर चढायला लोक तिथं जातात. चौकात एल्क हरणांच्या गळालेल्या शिंगांच्या कमानी आहेत. आम्हाला मात्र त्या चौकाची जुनी गोष्ट भावली.

१९२० साली तिथं गुरं मोकाट फिरत. कर थकलेला, तिजोरीत जेमतेम २०० डॉलर. मे महिन्यात पाच बायका निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पाचही निवडून आल्या. ग्रेस मिलर नगराध्यक्ष झाल्या. रोझ क्रॅबट्री यांनी तर स्वतःच्या नवऱ्यालाच हरवलं! (त्या रात्री स्वयंपाक कोणी केला, हे आमच्या गटात लगेच विचारून झालं.) मग या बायका दारोदार गेल्या, थकलेला कर आणला, चौक स्वच्छ केला. पोलीस म्हणूनही बाईच नेमली, पर्ल विल्यम्स. पुढच्या वर्षी लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं.

वायोमिंगच्या बायकांना मत मिळालं होतं १८६९ मध्येच. जॅक्सनच्या बायका त्या खुर्चीपर्यंत पोचल्या त्यानंतर पन्नासेक वर्षांनी.

परवा गटाचा थकलेला हप्ता मागायला आम्ही एका घरी गेलो. सभासद आतच होती. सासूबाईंनी "मुलगा घरी नाही" म्हणून दार लावून घेतलं. उद्या परत जाणार आहोत, पाचजणी मिळून.