मामाचं रंगभवन

माझ्या धाकट्या मामाला श्रावण आठवतो तो रंगभवनातल्या पावसासकट. आजी श्रावणी सोमवार कडक पाळायची आणि हा गिरगावातून चालत धोबीतलावला रॉक ऐकायला जायचा. आजी त्याच्या पिशवीत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा कोंबायची. रंगभवन म्हणजे उघड्यावरचं थिएटर, डोक्यावर छप्पर नाही. दर ऑगस्टमधल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ला पोरं भिजत, चिखलात उभी राहून ऐकायची. तो सोहळा 1986 साली सुरू झाला. मामा म्हणतो, मी पहिल्याच वर्षी होतो. मावशी म्हणते, छे, तेव्हा तू कावीळ होऊन घरात पडला होतास. हे भांडण आमच्याकडे अजून मिटलेलं नाही.

त्याचा जीव ‘रॉक मशीन’वर. 1984 साली मुंबईत जमलेला हा बँड. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर. पुढे उदय बेनेगल गायला आणि झुबिन बालापोरिया कीबोर्डला. नावं सांगताना मामा अजूनही बोटांवर मोजतो, जणू पंगतीत कोण कुठे बसलं होतं ते आठवतोय. तिनईकर हे नाव ऐकून आजी एकदा म्हणाली होती, ‘म्हणजे आपल्याकडचाच की!’ मग तिने त्या आवाजाबद्दल तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या काळी परदेशी गिटारवर जबर आयात कर. आखातातून कुणाचा काका आला तर तारा मागवायच्या. आणि श्रोत्यांना हव्या असायच्या विलायती बँडच्या गाण्यांच्या नकला. स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून दुसरंच काहीतरी ओरडून मागायचे. अशा गर्दीपुढे या पोरांनी आपलीच गाणी रेटली. 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही त्यांची कॅसेट आली, सगळी स्वतःची गाणी. मामाने ती काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली आणि येताना कयानी या इराणी कॅफेत बनमस्का खाल्ला. बनमस्क्याची गोष्ट तो कॅसेटपेक्षा जास्त रंगवून सांगतो. टेप अडकली की आजोबांची पेन्सिल घालून फिरवायची.

1993 मध्ये बँडने नाव बदललं, ‘इंडस क्रीड’. मामाला ते महिनाभर रुचलं नव्हतं. मग 1995 चा अल्बम आला, त्यात आपल्या मातीतले सूर मिसळलेले, आणि त्याने माघार घेतली. 1997 मध्ये बँड थांबला. कुणी न्यूयॉर्कला गेलं, कुणी जाहिरातींच्या संगीतात. मामाही तेव्हा नोकरीला लागला होता. रंगभवनाच्या आजूबाजूला इस्पितळं, म्हणून शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथले जलसेही बंद पडले. ऱ्हिदम हाऊसनेही 2016 मध्ये शटर ओढलं.

पण 2010 मध्ये बँडची मंडळी पुन्हा एकत्र आली आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम दिला. मामाने तो मोबाइलवर लावून मावशीला ऐकवला. ती गप्प बसून शेवटपर्यंत ऐकत होती.

आज जी मुलं इथे स्वतः लिहिलेलं गाणं बिनधास्त गातात, त्यांची वाट या लोकांनी पाडली, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या घरातही रंगभवनात भिजलेला एखादा मामा किंवा आत्या असेल. त्यांच्याकडून हे सगळं ऐकून घ्या, लिहून ठेवा.