आज्ञावली भांडार

संगणकाच्या आज्ञावलींचे म्हणजेच सॉफ्टवेअरचे तयार संच ज्या दूरस्थ संगणकावर साठविलेले असतात व जेथून ते इंटरनेटमार्गे मागवून आपल्या संगणकावर बसविता येतात, त्या साठ्यास आज्ञावली भांडार म्हणतात. प्रत्येक संचाबरोबर त्याचे नाव, आवृत्तीचा क्रमांक व तो चालण्यास लागणाऱ्या इतर संचांची यादी असते. ही यादी वाचून आवश्यक ते सर्व संच आणणारी व बसविणारी आज्ञावली म्हणजे संच-व्यवस्थापक होय. वापरणाऱ्याने एक ओळ टंकित करताच अनेक अपरिचित व्यक्तींनी लिहिलेली संहिता त्याच्या संगणकावर चालू लागते. तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा, हा प्रश्न या पद्धतीच्या वाढीबरोबर अधिकाधिक बिकट होत गेला.

पूर्वपीठिका : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. वारंवार लागणारी गणिते करणारे उपकार्यक्रम छिद्रित कागदी फितींवर उतरवून तेथे एका पोलादी कपाटात ठेवीत. ज्यास जो हवा असेल, तो त्याची नक्कल आपल्या फितीवर घेई. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ मधील ग्रंथात या संग्रहाचे वर्णन आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतील आयबीएम संगणकांच्या ग्राहकांनी ‘शेअर’ ही संघटना स्थापून कार्यक्रमांची देवाणघेवाण सुरू केली. या मर्यादित वर्तुळांत संहिता कोठून आली, हे सहज कळू शके. १९८५ च्या सुमारास जॅक डोंगारा व एरिक ग्रोस यांनी सुरू केलेल्या नेटलिब या भांडाराने वितरणातील मनुष्याची मध्यस्थी दूर केली. ई-मेलने मागणी आली, की आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा व बेल प्रयोगशाळा येथील संगणक गणिती कार्यक्रमांची संहिता आपोआप परत पाठवीत.

संच-व्यवस्थापक : दुरून संहिता आणता येऊ लागली, तरी एक संच चालविण्यास दुसरा व दुसऱ्यासाठी तिसरा लागे आणि त्यांचा शोध वापरणाऱ्यासच घ्यावा लागे. इयान मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये लिनक्सवर आधारित डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. त्यातील डीपीकेजी हे साधन संच बसवीत असे; परंतु आवश्यक दुसरा संच नसल्यास तेवढे सांगून ते थांबे. मार्च १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीत समाविष्ट झालेले एपीटी हे साधन उणे असलेले संच भांडारातून स्वतःच आणू लागले. २०२३ मधील डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक संच होते. याच काळात संगणकीय भाषांची स्वतंत्र भांडारेही उभी राहिली. उदा., पर्लसाठी सीपॅन (१९९५), पायथॉनसाठी पायपीआय (२००३) व जावास्क्रिप्टसाठी एनपीएम (२०१०). डेबियनमध्ये प्रकल्पाने मान्यता दिलेले स्वयंसेवक संच दाखल करतात. पायपीआय व एनपीएम यांवर मात्र नाव नोंदविलेल्या कोणासही ते प्रसिद्ध करता येतात.

विश्वासाची व्यवस्था : भांडाराच्या प्रती जगात अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात व वाटेत संहितेत फेरफार होण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक संचाच्या आशयावरून गणिताने काढलेला एक अंक सूचीत नोंदवितात व त्या सूचीवर आधारलेल्या पत्रकावर गुप्त किल्लीने सांकेतिक स्वाक्षरी करतात. वापरणाऱ्याचा संगणक आपल्याजवळच्या सार्वजनिक किल्लीने ही स्वाक्षरी पडताळतो. डेबियनच्या एप्रिल २००७ मधील ४.० या आवृत्तीपासून ही पडताळणी नित्याची झाली.

तथापि, या व्यवस्थेस मर्यादा आहेत. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने आपले संच एनपीएमवरून काढून घेतले. त्यांतील लेफ्ट-पॅड हा संच अवघ्या ११ ओळींचा होता. परंतु अनेक मोठे संच त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबून असल्याने जगभर आज्ञावलींची बांधणी खोळंबली. काही तासांत तो पूर्ववत उपलब्ध करण्यात आला व संच मागे घेण्यावर निर्बंध आले. मार्च २०२४ मधील प्रकार अधिक गंभीर होता. माहितीचा संकोच करणाऱ्या एक्सझेड या संचाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घुसखोरीची छुपी वाट आढळली. दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून देखभालीचा अधिकार मिळविलेल्या एका सहभागी व्यक्तीच्या नावे त्या प्रसिद्ध झाल्या होत्या. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे खटकल्याने अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. तोवर या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत पोहोचल्या होत्या, स्थिर आवृत्तीत नव्हे.

स्वाक्षरीमुळे संच कोणी पाठविला व वाटेत तो बदलला काय, एवढेच कळते. पाठविणाऱ्याचा हेतू कळत नाही. एकाच मूळ संहितेपासून कोणीही तंतोतंत तोच संच बांधून पडताळू शकावा, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न सुरू झाले. अशा उपायांनी फसवणूक अवघड होते. परंतु प्रसिद्ध झालेली संहिता कोणीतरी प्रत्यक्ष वाचावी लागते. हे काम बव्हंशी मूठभर, अनेकदा विनावेतन राबणाऱ्या व्यक्तींवर सोपविलेले असून भांडारांची सुरक्षितता अखेर त्यांच्या दक्षतेवर अवलंबून आहे.