जुनं ‘रेकॉर्ड’ म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे

वस्तीतल्या पोराला पोलिसांनी उचललं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘हा रेकॉर्डवरचा आहे.’ १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांच्या पालाकडे संशय आधी वळतो, हे आम्ही कामात पाहतो.

खटल्यात मात्र आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य असंबद्ध असतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ४९ तसं सांगतं. १८७२ च्या कायद्यात हेच कलम ५४ होतं. चारित्र्य हाच वादाचा मुद्दा असेल, तर गोष्ट वेगळी.

खरी मेख पुढे आहे. ‘पोरगा चांगल्या चालीचा आहे’ असा पुरावा बचाव पक्षाला कलम ४७ खाली देता येतो. पण तो दिला, की उत्तरादाखल वाईट चारित्र्याचा पुरावा आणायला सरकारी वकील मोकळे होतात. तिथे आधीची शिक्षा पुढे येऊ शकते. नुसता एफआयआर म्हणजे दोषसिद्धी नव्हे. म्हणून चार प्रतिष्ठित माणसं साक्षीला उभी करण्याआधी वकिलांशी बोला.

जामीन आणि तडीपारीत जुने गुन्हे पाहिले जातात. तिथे हे कलम पुढे करून भागत नाही. आरोपपत्राला जुन्या गुन्ह्यांची यादी जोडलेली दिसली, तर ती लगेच वकिलांच्या नजरेस आणा.