स्वयंपूर्ण शेतकरी कुटुंब : नागपूरच्या मुलखातील एका कल्पनेचा इतिहास

१/
‘पूर्वी शेतकऱ्याला बाजारातून फक्त मीठ आणावे लागे’ हे वाक्य विदर्भातील कित्येक घरांत आजही ऐकू येते. भाकर घरची, डाळ घरची, तेल घरचे, दोर घरचा, वस्त्रही घरच्याच कापसाचे. या चित्रात सत्यांश बराच आहे. मात्र जे त्यात दिसत नाही, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. नागपूरच्या परिसरात या चित्राची तीन रूपे पाहता येतात : भोसलेकालीन शेतकऱ्याचे घर, कापसाच्या तेजीनंतरचे घर, आणि विसाव्या शतकात जाणीवपूर्वक उभे केलेले स्वावलंबनाचे प्रयोग. हा धागा त्या तिन्हींविषयी आहे.

२/
प्रथम भूमी. नागपूरच्या पूर्वेला वैनगंगेचे खोरे, तलावांचा आणि धानाचा प्रदेश. पश्चिमेला व दक्षिणेला, वर्धा नदीपर्यंत, काळी कसदार जमीन. या काळ्या जमिनीत मृगाच्या पावसावर ज्वारी, कापूस, तूर, तीळ पेरले जात. रब्बीत गहू, हरभरा, जवस आणि लाखोडी येई. १८१८ ते १८२६ या काळात रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने अल्पवयीन तिसऱ्या रघुजीच्या नावाने नागपूर राज्याचा कारभार पाहिला. १८२७ साली छापलेल्या त्याच्या अहवालात पीक, महसूल आणि ग्रामव्यवस्था यांचा विस्तृत तपशील आहे.

३/
अशा गावातील कुणबी घराचा दिवस जात्यापासून सुरू होई. पहाटे अंधारातच घरातील स्त्रिया ज्वारी दळीत. त्यानंतर पाणी, गोठ्यातील शेण, गवऱ्या, चूल. पुरुष वखर किंवा डवरे बंडीत टाकून वावराकडे निघत. न्याहारीला भाकर, जवसाची किंवा तिळाची चटणी. दुपारी स्त्रियाही निंदणीला वावरात पोहोचत आणि सायंकाळी पुन्हा चुलीपुढे बसत. स्वयंपूर्णतेचा जो भाग सर्वांत कष्टाचा होता, तो कोणत्याही महसुली दप्तरात नोंदला गेला नाही. दळण, कांडण, निवडणे, साठवणे आणि सूत कातणे ही सारी कामे स्त्रियांची होती.

४/
या शेतीत एका पिकाचा शेष दुसऱ्या कामाचे साधन होई. कापसाच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ पेरली जाई. तुरीची डाळ घरात, तुराट्या कुडाच्या भिंतीत, पऱ्हाट्या चुलीत. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार गव्हाणीत. जवस तेल्याकडे गेले की तेल घरी येई आणि ढेप बैलांना मिळे. बांधावरील अंबाडीची पाने भाजीला, बोंडे आंबट चटणीला आणि साल दोरांसाठी. शेण, राख व केरकचरा उकिरड्यावर साचे आणि खत होऊन पुन्हा वावरात जाई. शेताबाहेर वाया जाणारे फारच थोडे असे.

५/
या चक्राचा आस बैल होता. नांगरट, वखरणी, पेरणी, मळणी, वाहतूक आणि खत ही सर्व कामे त्याच्यावर अवलंबून. वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ जनावरे चपळ म्हणून प्रसिद्ध होती. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, त्याला जमीन असूनही वेळेवर पेरता येत नसे. मृगाच्या ओलीत आठ दिवसांचा उशीरही पिकाला भोवे. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावण्याची प्रथा येथे इतकी जिव्हाळ्याची का, हे यावरून कळते. एक बैल मेला की सारे वर्ष उलटे.

६/
आता ‘बाजारातून फक्त मीठ’ या वाक्याकडे वळू. मीठ खरोखरच बाहेरून येई, आणि तेही फार दुरून. नागपूर समुद्रापासून शेकडो मैल आत. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ आणीत आणि परतताना धान्य व कापूस नेत. लोखंडही बाहेरचेच. फाळ, विळे, कुऱ्हाडी यांसाठी चांद्याकडील भट्ट्यांत गाळलेले लोखंड गावोगाव पोहोचे. म्हणजे भाकरीत पडणारे मीठ आणि ती ज्वारी कापणारा विळा या दोन्हींसाठी हे घर दूरच्या मुलखाशी जोडलेले होते.

७/
तिसरी बाहेरची वस्तू म्हणजे रोख रक्कम. सरकारला सारा पैशांत भरावा लागे आणि त्याच्या हप्त्यांच्या तारखा पिकाची वाट पाहत नसत. म्हणून गहू, हरभरा, जवस किंवा कापूस यांचा काही भाग विकणे शेतकऱ्याला भागच होते, आणि तोही सुगीत, भाव पडलेले असताना. हप्ता आधी आणि पीक नंतर असे झाले की सावकाराचे दार. पोटापुरते पिकवणारे घरही अशा रीतीने बाजारात ओढले जाई. सावकारी ही इंग्रजी अमलात अकस्मात उगवलेली गोष्ट नव्हे. इंग्रजी अमलाने तिला कायद्याचे बळ दिले.

८/
चौथी गोष्ट सर्वांत जवळची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी : दुसऱ्यांचे श्रम. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, चांभार हे खळ्यावर धान्याचा वाटा घेऊन वर्षभर काम करीत. महारांकडे गावाची राखण, निरोप पोहोचवणे, सीमेची साक्ष, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे होती. या मुलखात जाडेभरडे कापड विणणारेही बहुतांशी तेच. ज्या ‘घरच्या कापसाच्या वस्त्रा’चा अभिमान सांगितला जातो, ते सूत घरच्या स्त्रीने कातलेले आणि महाराच्या मागावर विणलेले असे. त्याच विणकराला गावच्या विहिरीवर मात्र प्रवेश नव्हता.

९/
त्यामुळे ‘स्वयंपूर्ण कुटुंब’ ऐवजी ‘बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण गाव’ असे म्हणणे अधिक योग्य. आणि तेही सर्वांसाठी नव्हे. ज्याच्याकडे जमीन आणि बैल, त्याचे घर भरे. ज्याच्याकडे केवळ हात, त्याचे पोट दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून राही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात त्रिंबक नारायण आत्रे यांनी खेड्यातील अशाच देवघेवीचे आणि तिच्यातील कुरबुरींचे बारकाईने वर्णन केले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामजीवनाच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, तिची मुळे याच वास्तवात होती.

१०/
१८५३च्या डिसेंबरात तिसरा रघुजी वारला आणि राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या बंदोबस्तात गावच्या पाटलांना आणि सारा गोळा करणाऱ्यांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले. बहुसंख्य कुळे त्यांच्या हाताखाली गेली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला विलक्षण भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपुरात पोहोचली. दूरच्या एका युद्धाने येथील पेरणीचे गणित बदलले.

११/
या बदलाचा एक हेतू उघडपणे सांगितला गेला होता. कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नाक याची अपेक्षा अशी, की रेल्वेने विलायती कापड व सूत स्वस्तात आले म्हणजे स्थानिक कातणी-विणणी मागे पडेल, अधिक कापूस निर्यातीसाठी उरेल आणि विणकरांचे हात शेतीकडे वळतील. तसेच बरेचसे घडले. घरातील चरखा थांबला, मागावरचा विणकर मजुरीला लागला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि पुढील दशकांत कोष्टी व महार समाजांतील अनेकांनी गिरणीची वाट धरली. कित्येकांसाठी तो गावच्या बंधनातून सुटण्याचाही मार्ग होता.

१२/
कापसामुळे घरात पैसा आला, हे नाकारता येत नाही. कौले, पितळी भांडी, नवी बंडी, थाटाची लग्ने दिसू लागली. पण पेवातले धान्य आणि हातातला पैसा यांचे गुण वेगळे असतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. ज्या वर्षी पीक बुडते, त्याच वर्षी धान्याचे भाव चढतात आणि मजुरीही आटते. साठवणीची ज्वारी असलेले घर तग धरू शकले. रोजंदारीवर जगणारे कुटुंब सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. ‘पोटापुरते आधी, विक्रीचे नंतर’ हा जुना क्रम का होता, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले.

१३/
हाच क्रम पुन्हा बसवण्याचा विचार नागपूरजवळच, वर्ध्यात, सिद्धांत म्हणून मांडला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे केंद्र आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम. तंजावरात जन्मलेले, परदेशात हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले कुमारप्पा घाणी, जाते, मधुमक्षिकापालन, कागद यांचा हिशेब एखाद्या पेढीच्या काटेकोरपणाने मांडीत.

१४/
कुमारप्पांच्या ‘समतोल शेती’च्या योजनेत धान्य, डाळ, गूळ, तेल, दूध, भाजी, फळे आणि वस्त्रापुरता कापूस यांसाठी किती जमीन लागेल, याचे कोष्टक आहे. लक्षणीय बाब ही, की त्या कोष्टकाचे एकक एक कुटुंब नसून एक लाख लोकसंख्या आहे. कारण एका घराला सारे काही पिकवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस कृषी सुधारणा समितीने १९४९ साली ‘किफायतशीर धारणक्षेत्रा’ची कसोटी सांगितली : सामान्य आकाराच्या कुटुंबाला बऱ्यापैकी राहणीमान मिळावे आणि त्या कुटुंबाला व किमान एका बैलजोडीला पूर्ण काम मिळावे. त्याहून फार लहान तुकड्यांसाठी सहकारी शेती सुचवली गेली.

१५/
पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी नागपूरहून वर्ध्याकडे जाताना लागणाऱ्या सेलडोह येथे कुमारप्पांनी ‘पन्नई आश्रम’ उभारून हा विचार प्रत्यक्ष मातीत आजमावला. तेथून जवळच, धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भावे यांचा प्रयोग अधिक टोकाचा होता. १९५०च्या सुमारास त्यांनी ‘कांचनमुक्ती’ स्वीकारली. पैशाच्या देणग्या बंद, स्वतः पिकवावे आणि स्वतः कातावे. ‘ऋषिशेती’त तर बैलही नाही. कुदळ, फावडे, माणसांनी ओढलेला रहाट एवढेच. सुशिक्षित तरुणांनी दिवसभर खोदकाम करावे, तेव्हा भाजीचे वाफे ओले होत. जो शेतकरी बैल गमावून बसला आहे, त्याचे जगणे कसे असते, याचा अनुभवही त्यातून मिळाला.

१६/
हा प्रयोग रंगात असतानाच, मार्च १९५१ मध्ये विनोबा पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे दलित भूमिहीन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावातील रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तेथे झाला. स्वावलंबनाचे सर्व नियम पाळता येतील, पण पायाखाली जमीन नसेल तर ते पाळायचे कोठे, हा प्रश्न आश्रमाच्या कुंपणाबाहेर उभा होता. योगायोग असा, की त्याच वसंतात, ३१ मार्च १९५१ पासून, तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपुष्टात आली. त्या राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती.

१७/
पवनारचे स्वावलंबन संपले नाही. १९५९ साली विनोबांनी तेथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले आणि शारीरिक श्रम व शेती हा त्या सामूहिक जीवनाचा भाग राहिला. एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. आश्रमात जमिनीवर कर्ज नसते, मुलीच्या लग्नाचा खर्च नसतो, भावाभावांत वाटणी होऊन वावर तुकड्यातुकड्यांत विभागले जात नाही. सामान्य शेतकरी घराला ही तिन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागतात. त्याच्या स्वावलंबनाची तुलना आश्रमाशी करणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

१८/
आज त्याच काळ्या जमिनीत सरकी दरवर्षी विकत आणली जाते. संकरित वाणांनी ती सुरुवात केली आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसाने ती सार्वत्रिक केली. बैलांची जागा अनेक ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली, त्यामुळे शेणखतही आटले. तुरीच्या प्रदेशातील शेतकरी दुकानातून डाळ घेताना दिसतो. दुसरीकडे, शहरातील काही कुटुंबे एक-दोन एकर घेऊन घरापुरते पिकवण्याचे स्वप्न पाहतात. दोघांनाही भोसलेकालीन घराकडून शिकण्यासारखे आहे : मिश्र पिके, घरचे बियाणे, गोठा-उकिरडा-वावर यांचे चक्र, आणि आधी धान्य मग नगदी पीक हा क्रम.

१९/
मात्र हे शिकताना त्या घराचे पूर्ण चित्र समोर असावे. जात्यावरची स्त्री, खळ्याच्या कडेला वाट्यासाठी उभा असलेला विणकर, तांड्याबरोबर मीठ आणणारा बंजारा आणि हप्त्याची तारीख सांगणारा पाटील, हे सर्व त्या चित्रात होते. त्यांपैकी कोणालाही वगळून सांगितलेली स्वयंपूर्णता ऐकायला गोड लागते, पण तिच्यावरून आजच्या घराचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. कुमारप्पांनी एकक म्हणून कुटुंब न घेता लाख माणसे घेतली, त्याचे कारण हेच असावे.

(धागा समाप्त)