हद्दवाढीची तीन शतके : चेन्नई महानगरपालिकेची वाटचाल

२२ ऑगस्ट १६३९ रोजी दामर्ला नायकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे यांना समुद्रकाठची एक पट्टी कौलाने दिली. तिथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला आणि त्याच्या आडोशाने मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, वसले. कंपनीने ३० डिसेंबर १६८७ रोजी दिलेल्या सनदेनुसार २९ सप्टेंबर १६८८ रोजी इथे महापालिका स्थापन झाली. ब्रिटनबाहेरची ही राष्ट्रकुलातील सर्वांत जुनी महापालिका मानली जाते. नॅथॅनियल हिगिन्सन पहिले महापौर झाले. त्यांच्यासोबतच्या मंडळात इंग्रजांबरोबर पोर्तुगीज, फ्रेंच, यहुदी आणि हिंदू व्यापारीही होते.

शहराची वेस मात्र दरबारांच्या मर्जीने सरकत होती. तिरुवल्लिक्केणी १६७६ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडून मिळाले. दुसऱ्याच वर्षी दक्षिण दिग्विजयावर निघालेल्या शिवाजी महाराजांकडे कंपनीने नजराणे धाडले. शेजारचे दरबार सांभाळल्याशिवाय तिचा निभाव लागणार नव्हता. १६९३ मध्ये एग्मोर, पुरसवाक्कम व तोंडैयारपेट, तर १७०८ मध्ये तिरुवोट्रियूर, कत्तिवाक्कम यांसह पाच गावे मुघलांच्या बाजूने मिळाली. गावकऱ्यांना विचारण्याची रीत तेव्हा नव्हती.

संस्थेची सर्वांत मोठी कसोटी १७४६ मध्ये लागली. फ्रेंचांनी मद्रास घेतले. कंपनीचा कारभार सेंट डेव्हिड किल्ल्यात हलला. हा किल्ला तिने १६९० मध्ये मराठ्यांकडूनच विकत घेतला होता. मद्रासचा निकाल लागला तो दूर युरोपात. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात उत्तर अमेरिकेतील लुईबुर्ग फ्रान्सला परत गेले आणि मद्रास इंग्रजांकडे आले. प्रत्यक्ष ताबा मिळाला १७४९ मध्ये. त्याच वर्षी सॅन थोमे आणि मयिलापूरही इंग्रजांनी आपल्या हद्दीत घेतले.

विसाव्या शतकात महापालिका लोकांची होत गेली. १९१३ मध्ये शुभ्र रिपन बिल्डिंग उभी राहिली आणि १९१९ मध्ये महापालिकेसाठी नवा कायदा आला. पी. त्यागराय चेट्टी यांच्या अध्यक्षतेच्या काळात, १९२० मध्ये, थाउजंड लाइट्स भागातील पालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण मिळू लागले. १९३३ मध्ये महापौरपद पुन्हा आले आणि १९५६ मध्ये तारा चेरियन पहिल्या महिला महापौर झाल्या. पुढे १९७३ ते १९९६ अशी तेवीस वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. तरीही दिवाबत्ती, झाडलोट, शाळा आणि दवाखाने कर्मचाऱ्यांनी चालू ठेवले.

२०११ मध्ये सर्वांत मोठी हद्दवाढ झाली. ९ नगरपालिका, ८ नगरपंचायती व २५ ग्रामपंचायती समाविष्ट झाल्या. क्षेत्र १७४ वरून ४२६ चौरस किलोमीटर, प्रभाग १५५ वरून २०० झाले. दक्षिण टोकाची शोळिंगनल्लूर नगरपंचायत पंधराव्या विभागाचे नाव झाली. १७०८ मध्ये कंपनीला मिळालेले आणि पुढे स्वतंत्र नगरपालिका झालेले तिरुवोट्रियूर व कत्तिवाक्कमही याच वेळी शहरात परतले. या वेळी तह नव्हता. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनुसार महापालिकेचे क्षेत्र ठरते ते राज्यपालांच्या अधिसूचनेने, आणि अधिसूचनेमागोमाग मतपेटीही येते.

अधिसूचना एका दिवसात निघते, नळ आणि गटार यायला वर्षे लागतात. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि आतल्या गल्लीत पाण्याचा टँकर, हे शोळिंगनल्लूरचे नेहमीचे दृश्य होते. पळ्ळिकरणैची दलदल आणि बकिंगहॅम कालवा यांच्या शेजारी वाढलेल्या या भागाला २०१५ च्या पुराने पाणी मुरायच्या जागांची किंमत शिकवली. त्यानंतर कोवळम खोऱ्यातील पर्जन्यजल वाहिन्यांचे काम जर्मन विकास बँकेच्या कर्जातून हाती घेण्यात आले.

महसुली नकाशा २०१८ मध्ये जुळला आणि शोळिंगनल्लूर कांचीपुरमऐवजी चेन्नई जिल्ह्यात आले. २०१६ पासून पुन्हा प्रशासकीय राजवट होती. ती २०२२ च्या निवडणुकीने संपली आणि आर. प्रिया या पहिल्या दलित महिला महापौर झाल्या. त्या सभागृहात शोळिंगनल्लूर विभागाचे १९२ ते २०० हे नऊ प्रभाग बसले. ज्या शहराचा सौदा एके काळी लुईबुर्गच्या बदल्यात झाला, त्याच्या शेवटच्या प्रभागातला माणूस आता गटाराची तक्रार आपण निवडलेल्या नगरसेवकाकडे नेतो.