संत्र्याचे दुसरे झाड

नागपुरी संत्र्याचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात भोसल्यांपासून होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजींनी औरंगाबादेहून रोपे आणवली आणि नागपुरात आपल्या बागेत लावली, ही परंपरेने चालत आलेली हकिकत. मग काटोल, वरुड, मोर्शी, आंबिया आणि मृग बहार, ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ हे बिरुद आणि २०१४ चे भौगोलिक मानांकन. हा इतिहास अर्ध्या झाडाचा आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडावर सांध्याची खूण दिसते, तिथे संत्रा संपतो. खाली दुसरेच झाड असते. बहुतेक बागांत जंबेरी, काही ठिकाणी रंगपूर लिंबू. त्याचे फळ कोणी मंडईत आणत नाही. बाग किती वर्षे उभी राहणार, हे मात्र पुष्कळदा तेच ठरवते.

गंमत अशी की वरचे आणि खालचे, दोन्ही संकरच. लिंबूवर्गीय फळांच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते ते असे, की आपण खातो त्या या वर्गातल्या बहुतेक फळांची वंशावळ मोजक्या मूळ जातींकडे जाते. पपनस, महाळुंग आणि रानटी मँडरिन या त्यांतल्या मुख्य. पपनस आणि मँडरिन यांच्या संबंधातून मोसंबी आली. कागदी लिंबात महाळुंगाचे रक्त आहे. आज लागवडीत असलेल्या जवळजवळ सगळ्या मँडरिनांत पपनसाचा कमीअधिक अंश सापडतो. जंबेरी आणि रंगपूर लिंबू ही दोन्ही महाळुंग व मँडरिन यांची अपत्ये. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले म्हाळुंग आपण हात जोडून पाहतो. विदर्भातल्या संत्र्याच्या मुळांत त्याचाच वारसा आहे.

हे संकर कोणी ठरवून केले नाहीत. मधमाश्यांनी केले, माणसाने फक्त निवडून ठेवले. पण आपोआप झालेला संकर पुढच्या पिढीत फुटून जायला हवा होता. तो टिकला कसा? याचे उत्तर बीमध्ये आहे. महाळुंगाच्या किंवा पपनसाच्या एका बीतून एकच अंकुर निघतो. संत्रा, जंबेरी, रंगपूर यांच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन निघतात. त्यांतला फार तर एखादा परागीभवनातून जन्मलेला असतो. बाकीचे आईच्याच ऊतींपासून बनतात, म्हणजे हुबेहूब तिच्यासारखे. म्हणून जंबेरीच्या बियांचा वाफा एकसारखा उगवतो. जाणता रोपवाटिकावाला त्यातली खुरटी आणि वेगळ्या चणीची रोपे उपटून टाकतो आणि उरलेल्यांवर डोळा भरतो. वरुड तालुक्यातले शेंदुरजनाघाट याच धंद्यावर नावारूपाला आले. आपल्या फलोद्यानाच्या इतिहासात राजांची नावे आहेत. डोळा भरणाऱ्यांचे नाव कुठे दिसत नाही.

नावांचेच निघाले म्हणून सांगतो. ‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, असे हौसेने सांगितले जाते. पण बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांची यादी देताना ‘संगतरा’ आणि ‘जंबिरी’ या दोघांचीही नोंद केली आहे, आणि बाबर १५३० साली वारला. इतक्या थोड्या काळात पोर्तुगीज शब्द गोव्याहून आग्र्याला पोहोचून रुळला, हे मला पटत नाही.

जंबेरीच का? ती जोमाने वाढते, बी मुबलक देते, मुळे खोल धाडते आणि वरच्या फांदीकडून भरघोस फळ घेते. तिचे वैगुण्य एकच, पण जबर. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की फायटोफ्थोरा ही बुरशी मुळे कुजवते, खोडातून डिंक वाहतो, शेंडे वाळू लागतात. शेतकरी याला डिंक्या म्हणतो. दख्खनमध्ये लिंबूवर्गीय झाडे शेंड्याकडून का मरतात, हा प्रश्न मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातले चीमा आणि भट यांनी १९२० च्या दशकातच हाती घेतला होता आणि त्याचा संबंध जमिनीशी जोडला होता. उपाय आज गावोगाव ठाऊक आहेत. निचऱ्याची जमीन निवडा, कलमाचा सांधा मातीत गाडू नका, खोडाला बोर्डो मलम लावा, दुहेरी आळे करून पाणी बुंध्यापासून दूर ठेवा. तरी मोठ्या पावसाच्या वर्षी बागा बसतात. उलट वरुड-मोर्शीकडे भूजलाचा उपसा इतका झाला आहे की उन्हाळ्यात याच बागा पाण्यावाचून जातात.

रंगपूर लिंबू या बुरशीपुढे जंबेरीपेक्षा बरा टिकतो. त्याची खरी परीक्षा झाली ती ब्राझीलमध्ये. तिथे बागा आंबट संत्र्याच्या खुंटावर होत्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रिस्टेझा विषाणूने त्यांतली लाखो झाडे मारली. पुढे ब्राझीलने बागा उभ्या केल्या त्या मोठ्या प्रमाणावर रंगपुराच्या मुळांवर. बंगालमधल्या गावाचे नाव मिरवणाऱ्या या आंबट फळाने दुसऱ्या खंडातला रसाचा धंदा तगवला. त्याच्या मायदेशी मात्र चहाच्या टपरीवरही त्याला कोणी विचारत नाही.

ठरवून केलेल्या संकराची कथा वेगळी. कॅलिफोर्नियात फ्रॉस्ट यांनी १९१५ साली ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ यांचा संकर केला; वीस वर्षांनी तो ‘किन्नो’ नावाने बाहेर आला. आज पंजाबचा किन्नो मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर संत्र्याशेजारी बसतो. त्याची साल घट्ट, रस जास्त. नागपुरी संत्र्याची सैल साल सोलायला सोयीची, पण प्रवासात तीच नडते. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले तेव्हा हे फार जाणवले, कारण आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक तेच.

नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांचे केंद्रीय संशोधन चालते. तिथे रोगमुक्त कलमे बनतात, खुंटांची पारख होते. पण बहुतेक कलमे आजही खाजगी रोपवाटिकांतूनच जातात. वर्षभराचे कलम गिऱ्हाइकाच्या हाती येते तेव्हा खुंटाचा शेंडा कधीच छाटलेला असतो. दिसतात ती फक्त संत्र्याची पाने. खाली जंबेरी आहे की रंगपूर, वाफा निवडला होता की नाही, हे विकणाऱ्याच्या शब्दावर. तो शब्द खरा होता की खोटा, हे कळायला सात-आठ पावसाळे जातात.